क्लबची कयाक धरणाच्या पाण्यात नेताना: सभासदांनी पाळायची रीत

क्लबच्या बोटघरातली सुरक्षेची पहिली वस्तू लाइफ जॅकेट नव्हे, दाराशी टांगलेली नोंदवही. जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवते. पण तरंगणाऱ्याला आणायला कोणीतरी निघावे लागते. तुम्ही किती वाजता परतायला हवे होते हे किनाऱ्यावर कोणाला ठाऊक असेल, तरच कोणी निघते. म्हणून बोटीला हात लावण्याआधी वही.

वहीत नाव, मोबाइल क्रमांक, बोटीचा क्रमांक, निघण्याची वेळ, कुठपर्यंत जाणार आणि परतीची वेळ लिहा. ‘कुठपर्यंत’ या रकान्यात ‘फेरफटका’ असे लिहिण्याचा काही उपयोग नाही. ‘डाव्या काठाने मंदिराच्या टेकाडापर्यंत’ असे लिहिले, तर शोधणाऱ्याला दिशा मिळते. परतीच्या वेळेनंतर अर्ध्या तासाने किनाऱ्यावरचा जबाबदार सभासद आधी फोन करतो आणि फोन लागला नाही तर बचाव बोट काढतो. उशीर होणार असेल किंवा भलत्याच ठिकाणी काठाला लागला असाल, तर लगेच कळवा. परतल्यावर नोंद खोडायला विसरलात, तर चार माणसे अंधारात तुम्हाला शोधत बसतील. किनाऱ्यावर कोणीच नसेल तर त्या दिवशी बोट काढायची नाही.

एकट्याने जायचे नाही, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. एका डबल कयाकमध्ये दोघे बसले म्हणजे नियम पाळला असे होत नाही, कारण ती उलटली की दोघेही पाण्यात. किमान दोन बोटी हव्यात. दुसरी बोट हीच तुमची बचाव बोट.

नवा सभासद कपड्यांसह, जॅकेट न घालता ५० मीटर पोहून दाखवेल आणि ५ मिनिटे जागेवर तरंगेल, तेव्हाच त्याला बोट मिळावी. प्रशिक्षकासमोर एकदा बोट मुद्दाम उलटवून परत चढणे ही दुसरी अट. दारू घेतलेल्याला, ताप असलेल्याला, फिट येणाऱ्याला बोट नाही. इथे ओळखीपाळखीचा प्रश्न येत नाही. १८ वर्षांखालील मुले मोठ्या माणसाबरोबर डबल कयाकमध्ये, तीही पुढच्या सीटवर, म्हणजे डोळ्यांसमोर राहतात.

वारा आधी, पाणी नंतर

पवना, मुळशी, खडकवासला, गंगापूर अशा जलाशयांवर पाण्यापेक्षा वारा जास्त त्रास देतो. मार्च ते मे या महिन्यांत सकाळी पाणी निवांत असते. दुपारनंतर पश्चिमेचा वारा घाट ओलांडून उतरतो आणि जलाशयाच्या लांबीवरून वाहू लागतो. पाण्यावरून वारा जितके जास्त अंतर वाहतो तितकी लाट वाढते, त्यामुळे वारा येतो त्या बाजूच्या काठाला किरकोळ वाटणारी लाट पलीकडच्या टोकाला बोटीत पाणी टाकू शकते.

वारा मोजायला यंत्र लागत नाही. पाण्यावर नुसत्या सुरकुत्या दिसत असतील तर खुशाल जा. लाटांच्या माथ्यावर मधूनमधून पांढरा फेस फुटू लागला, म्हणजे वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या घरात आला. नवख्यांनी तेव्हाच काठाकडे वळावे. सगळीकडे फेस दिसू लागला की ताशी २० किलोमीटरच्या पुढे. तेव्हा कोणीच निघायचे नाही. साधारण माणूस कयाक ताशी ४ ते ५ किलोमीटरने वल्हवतो. समोरून जोराचा वारा असेल तर हा वेग सहज निम्म्यावर येतो, आणि जायला लागलेला अर्धा तास परतीला एक तास होतो. म्हणूनच जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचे आणि दमल्यावर वाऱ्याबरोबर परतायचे. उलटे करणारे बहुतेक जण नवखे असतात, कारण पाठीमागून वारा असताना आपण फारच छान वल्हवतो असे वाटत राहते.

एप्रिल-मेमधला वळीव ही वेगळीच गोष्ट. ढग अजून लांब असतानाच पावसाच्या पुढे धावणारा वाऱ्याचा लोट पाण्यावर येऊन आदळतो; पाऊस सुरू झाला की परतू, हा हिशेब म्हणूनच चुकतो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती कयाकपेक्षा मोठी बोट होती. आकाश एका बाजूने काळवंडले किंवा गडगडाट ऐकू आला की सर्वांत जवळचा काठ गाठा, मग तो क्लबचा असो वा नसो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात पुन्हा उतरू नका.

जूनपासून धरणे भरून सांडव्यातून विसर्ग सुरू होईपर्यंत आणि त्यानंतर तो पूर्ण थांबेपर्यंत बोटी आतच ठेवाव्यात.

जॅकेट, बोट, वल्हे: किनाऱ्यावरची तपासणी

क्लबमधली बहुतेक जॅकेटे ५० न्यूटनची असतात. म्हणजे ती माणसाला साधारण ५ किलोचा उचल देतात आणि पोहता येणाऱ्या, शुद्धीवरच्या माणसाला पुरतात. बेशुद्ध माणसाचे तोंड वर करून ठेवणे त्यांच्याकडून होत नाही. त्यासाठी १०० किंवा १५० न्यूटनचे जॅकेट लागते. न पोहता येणाऱ्या पाहुण्याला बचाव बोटीत बसवायचेच झाले, तर त्याला हे जड जॅकेट द्या.

१. जॅकेट वजनानुसार निवडा. आतल्या पट्टीवर किलो छापलेले असतात. वाढत्या मुलाला ‘पुढच्या वर्षीही होईल’ असे मोठे जॅकेट घालू नका, ते अंगातून वर निसटते.

२. सगळी बकले लावा, पट्टे खालून वर आवळा, मग दुसऱ्याला खांद्याचे पट्टे धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत येत असेल तर पुन्हा आवळा किंवा लहान माप घ्या.

३. शिट्टी जॅकेटला बांधलेली आहे ना, वाजते ना, ते पाहा.

जॅकेटमधला फोम उन्हाने आणि लोकांनी त्यावर बसल्याने मरतो. वर्षातून एकदा एक साधी चाचणी करावी. मोठ्या मापाच्या ५० न्यूटन जॅकेटला पावणेसहा किलो लोखंडाची वजने बांधून टाकीत सोडा. पाण्यात लोखंड आपल्या वजनाचा साधारण आठवा हिस्सा गमावते, म्हणून ५ ऐवजी पावणेसहा. जॅकेट तळाला गेले तर ते कापून फेका. तसेच ठेवले तर कोणीतरी ते पुन्हा खुंटीला लावतेच.

आता बोट. वर बसायच्या प्लास्टिक कयाकचा पोकळ भाग बंद असतो आणि त्याला मागे एक बूच असते. हे बूच विसरणे ही सर्वांत सामान्य चूक. पाणी हळूहळू आत शिरते; बोट आधी जड वाटते, मग वळताना अवघडल्यासारखी होते, आणि एका क्षणी आतले २०-२५ लिटर पाणी एका बाजूला धावले की ती कलंडते. बोट हलवून आत खळखळ येते का ऐका. बसायच्या जागेजवळच्या आरपार छिद्रांच्या कडा बोटांनी चाचपा, तडे बहुधा तिथेच सुरू होतात. बोट दोघांनी उचलून न्या. ओढत नेल्याने मागचे टोक झिजून पातळ होते, आणि त्याचे भोक पुढच्या सभासदाच्या वाट्याला येते. बोटीवर छापलेली वजनमर्यादा माणूस, पाणी, सामान सगळे धरून असते.

वल्हे डोक्यावर आडवे धरा. कोपर काटकोनात येतील तिथे हात. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. एका गटामागे एक जादा वल्हे आणि १५ ते २० मीटर दोराची एक फेकपिशवी, म्हणजे पाण्यातल्या माणसाकडे फेकायची दोर भरलेली पिशवी, हवी.

साडी, ओढणी, जीन्स, गमबूट चालणार नाहीत. टाचेमागे पट्टा असलेली सँडल बरी. चष्म्याला दोरी लावा. फोन जलरोधक पिशवीत, आणि ती पिशवी बोटीला नव्हे, अंगाला बांधा. बोट वाहून गेली तर फोनही जातो. तासाला एका माणसामागे निदान अर्धा लिटर पाणी, उन्हाळ्यात एक.

उभे राहून वल्हवायच्या फुगवत्या बोर्डाला १२ ते १५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप, पंपावर दिसते) हवा भरावी, नाहीतर तो मधोमध वाकतो. नेमका आकडा झडपेजवळ छापलेला असतो. घोट्याला लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी, बांधणे साचलेल्या पाण्यात सक्तीचे, कारण पडल्यावर वारा रिकामा बोर्ड उडवत नेतो. वाहत्या नदीत मात्र घोट्याची लीश जीव घेऊ शकते: ती फांदीत अडकली की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबून धरतो आणि हात घोट्यापर्यंत पोचत नाही. तिथे कमरेला, ओढताच सुटणाऱ्या पट्ट्यावरच लीश बांधायची.

पाण्यात

बोट गुडघाभर पाण्यात आणा, आधी बूड टेकवा, मग पाय आत घ्या. उभे राहून पाय टाकणारा पहिल्याच मिनिटाला भिजतो. डबल कयाकमध्ये जड माणूस मागे.

काठापासून ५० ते १०० मीटरवर राहून काठाकाठानेच जा. धरणाची भिंत, दरवाजे, पाणी उपसण्याचा मनोरा यांपासून अर्धा किलोमीटर दूर राहा. दरवाजे उघडायची वेळ तुम्हाला कोणी सांगायला येणार नाही. हिवाळ्यानंतर पाण्याची पातळी उतरत जाते आणि बुडालेली झाडांची खोडे, जुन्या घरांच्या भिंती पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात. गेल्या महिन्यात मोकळी असलेली वाट या महिन्यात मोकळी असेलच असे नाही. उजनीतले पळसदेवचे मंदिर उन्हाळ्यात वर येते ते सगळे पाहायला जातात. पण त्याआधीच्या काही आठवड्यांत अशी बांधकामे हातभर पाण्याखाली असतात, आणि बोटीला धोका तेव्हाच.

प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे रांगेत तरंगताना दिसले, तर खाली मासेमारांचे जाळे आहे. रांगेला वळसा घाला. जाळे उचलू नका: वल्हे अडकते, आणि ते कोणाच्या तरी पोटापाण्याचे साधन आहे. उतरलेल्या पाण्याच्या काठाला गाळ असतो. त्यात पाय मांडीपर्यंत रुतला तर ओढाताण न करता बोटीवर आडवे पडून पाय सोडवा.

उलटल्यावर

पहिला नियम: बोट सोडू नका. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. वल्हे गेले तरी चालेल, बोट जाऊ देऊ नका. वाऱ्यावर रिकामी कयाक चांगल्या पोहणाऱ्याच्याही पुढे पळते.

१. बोट पालथी असेल तर मधोमध या, तळावरून हात पलीकडे टाकून पलीकडची कड पकडा, पाय अलीकडच्या कडेला लावून मागे झुका. बोट सुलट होते.

२. पाय मागे पृष्ठभागावर आणून जोरात मारा आणि पोट बोटीवर टाका. हातांनी लटकून वर चढू पाहिलेत तर बोट पुन्हा अंगावर येते.

३. पोटावर पडल्यापडल्या दम घ्या, मग वळून बूड सीटवर आणा, शेवटी पाय आत घ्या. पोट, बूड, पाय हा क्रम तोंडपाठ असू द्या.

डबल असेल तर एकाने पलीकडची कड धरून बोट स्थिर ठेवायची, दुसरा चढला की त्याने आतून तोल सांभाळायचा. तीन प्रयत्नांत जमले नाही तर थांबा, बोटीला धरून राहा, शिट्टी वाजवा. दमछाक झाली की पुढचे प्रयत्न आणखी कमजोरच होतात.

मदतीला जाणाऱ्याने पाण्यात उडी मारू नये. घाबरलेला माणूस बोटीच्या कडेला लोंबकळला तर तुम्हीही उलटाल. त्याला आधी बोलून शांत करा, वल्ह्याचे टोक किंवा दोर द्या, मग मागचे टोक धरायला सांगा आणि काठाकडे वल्हवा.

बुडालेला माणूस बाहेर काढला की आपल्याकडे अजूनही त्याचे पोट दाबतात किंवा त्याला उलटा धरतात. यात मोलाची मिनिटे जातात, आणि पोटातले अन्न घशात येऊन श्वासमार्ग बंद होऊ शकतो. श्वास चालू नसेल तर डोके मागे करून हनुवटी उचला, नाक दाबून तोंडातून ५ श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर ३० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. नंतर २ श्वास, पुन्हा ३० दाब. तोंडातून फेस येत राहिला तरी पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवा, तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा. दुसऱ्याने तोवर १०८ किंवा ११२ ला फोन करायचा. बुडालेला माणूस शुद्धीवर येऊन ‘आता बरा आहे’ म्हणाला तरी रुग्णालयात न्या. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढतो.

परत आल्यावर

बूच उघडून बोट तिरकी करा, पाणी काढा, पुन्हा सांगाड्यावर कुशीवर किंवा पालथी ठेवा. सपाट तळावर पडून राहिलेली प्लास्टिक बोट उन्हात वाकते. जॅकेटे गोड्या पाण्यात धुऊन सावलीत, बकले उघडी ठेवून वाळवा. फुगवता बोर्ड उन्हात ठेवायचा असेल तर थोडी हवा सोडा, नाहीतर तापून शिवण उसवते.

तडा, तुटलेले बकल, ढिले पाते दिसले तर त्या वस्तूला लाल पट्टी बांधून दुरुस्तीच्या वहीत लिहा आणि ती वेगळ्या खुंटीला टांगा. नुसते तोंडी सांगितलेले पुढच्या शनिवारपर्यंत कोणाच्याच लक्षात राहत नाही. पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात उघड्या जखमेने उतरला असाल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर डॉक्टरांना धरणाच्या पाण्यात गेलो होतो हे आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यांना त्याशिवाय येईलच असे नाही.