स्पर्धेपूर्वी डेकची तयारी

ट्रेडिंग कार्ड गेमच्या स्पर्धेसाठी डेक, म्हणजे खेळायच्या कार्डांचा संच, बांधायला बसताना सर्वप्रथम त्या फॉरमॅटचे (कोणती कार्डे चालतात हे ठरवणाऱ्या खेळप्रकाराचे) नियम आणि बंदी घातलेल्या कार्डांची ताजी यादी समोर ठेवावी, कारण पुढचे सगळे गणित त्यांच्यावरच उभे राहते. मॅजिक: द गॅदरिंगच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये किमान 60 कार्डे, एका नावाच्या साधारणपणे जास्तीत जास्त 4 प्रती आणि 15 कार्डांपर्यंत साइडबोर्ड (दोन गेमच्या मधे डेकमध्ये अदलाबदल करायची जादा कार्डे) असतो. पोकेमॉनमध्ये नेमकी 60 कार्डे लागतात आणि साइडबोर्ड नसतो, तर यु-गि-ओमध्ये मुख्य डेक 40 ते 60 कार्डांचा असून एका कार्डाच्या 3 प्रती चालतात.

त्यानंतर आपला डेक साधारण कितव्या टर्नला आणि कशाच्या जोरावर जिंकणार आहे, हे एका वाक्यात लिहून ठेवावे. ते वाक्य लिहिता येत नसेल तर कार्डे निवडायची घाई करू नये.

डेकची किमान मर्यादा ओलांडण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि माझ्या मते तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो. यु-गि-ओमध्ये ज्या कार्डावर डेकची मदार आहे त्याच्या 3 प्रती 40 कार्डांत असतील, तर सुरुवातीच्या 5 कार्डांत त्यांपैकी एक तरी येण्याची शक्यता सुमारे 34 टक्के असते. डेक 60 कार्डांचा केला की तीच 23 टक्क्यांवर येते. प्रतींची संख्या ठरवतानाही असाच आकडा हाताशी ठेवावा: मॅजिकमध्ये 60 कार्डांतील 4 प्रतींपैकी एक तरी पहिल्या 7 कार्डांत येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के असते. म्हणून प्रत्येक गेममध्ये लवकर हवे असलेले कार्ड 4 प्रतींत घ्यावे, आणि ज्याची दुसरी प्रत हातात आली तर अडचणच होईल ते 2 किंवा 3 प्रतींवर थांबवावे.

लॅंडची, म्हणजे बाकीची कार्डे खेळायला लागणारी ऊर्जा (माना) देणाऱ्या कार्डांची, संख्या अंदाजाने ठरवू नये. मॅजिकच्या 60 कार्डांत 24 लॅंड ठेवले तरी पहिल्या 7 कार्डांत शून्य किंवा एकच लॅंड येण्याची वेळ सुमारे 14 टक्के असते, म्हणजे सातांतून एकदा हात बदलून मुलिगन घेण्याचा विचार करावाच लागतो. डेक दोन रंगांचा असेल तर रंगांची मोजणी वेगळी करावी: एखाद्या रंगाचा माना देणारे 8 लॅंड असतील, तर पहिल्या हातात त्यांपैकी एक तरी असण्याची शक्यता 65 टक्के असते, 14 असतील तर ती 86 टक्क्यांवर जाते. पहिल्याच टर्नला खेळायचे कार्ड 8 लॅंडच्या भरवशावर घेऊन बसणारा खेळाडू पुढे नशिबाला दोष देतो, पण दोष यादीतच असतो.

पोकेमॉनमध्ये पहिल्या हाताची अशीच काळजी बेसिक पोकेमॉनची, म्हणजे थेट मांडता येणाऱ्या पोकेमॉन कार्डांची, असते; एकही आला नाही तर मुलिगन घ्यावाच लागतो. 8 बेसिक असतील तर पहिल्या 7 कार्डांत एकही न येण्याची शक्यता सुमारे 35 टक्के आणि 12 असतील तर 19 टक्के असते. आपल्या अशा प्रत्येक मुलिगनमागे प्रतिस्पर्ध्याला एक जादा कार्ड घेता येते. शिवाय सुरुवातीलाच 6 कार्डे प्राइझ (गेम चालू असताना मिळवायची कार्डे) म्हणून बाजूला पडतात, त्यामुळे एकच प्रत ठेवलेले कार्ड दहांतून एकदा तिथे अडकणार, हे धरूनच पर्यायी मार्ग आखावा.

सरावाचे निकाल वहीत लिहावेत, पण त्यांवर फार विसंबू नये. दोन डेक अगदी तुल्यबळ असले तरी 10 पैकी 7 किंवा अधिक गेम निव्वळ योगायोगाने जिंकण्याची शक्यता 17 टक्के असते. जिंकल्याच्या आकड्यापेक्षा शेवटी हातात कोणते कार्ड निरुपयोगी पडून राहिले, ही नोंद अधिक कामाची ठरते.

साइडबोर्ड बांधताना मात्र मी उलट दिशेने जातो, आणि इतरांनीही तसे करून पाहावे. आधी प्रत्येक मोठ्या मॅचअपसाठी (समोर येऊ शकणाऱ्या प्रत्येक प्रमुख प्रकारच्या डेकसाठी), गेम आपण सुरू करणार की प्रतिस्पर्धी हे लक्षात घेऊन, 60 पैकी कोणती कार्डे बाहेर जातील ते लिहावे. प्राण्यांची (क्रीचर) कार्डे फार न वापरता प्रतिस्पर्ध्याचे डाव रोखत राहणाऱ्या कंट्रोल डेकविरुद्ध प्राणी मारणारी 6 कार्डे निरुपयोगी असतील, तर त्या मॅचअपसाठी आत घ्यायची कार्डेही साधारण तितकीच हवीत. 9 आणली तर आपल्याच जिंकण्याच्या योजनेतील 3 बाहेर काढावी लागतात आणि मूळ डेकच पांगळा होतो. दोन-तीन मॅचअपमध्ये उपयोगी पडणारे कार्ड एकाच डेकविरुद्ध जबरदस्त ठरणाऱ्या कार्डापेक्षा अग्रक्रमाने घ्यावे. त्या एका डेकचे खेळाडू स्पर्धेत फार असणार अशी खात्री असेल, तरच हा क्रम बदलावा.

आदल्या संध्याकाळी स्लीव्ह (कार्डांवर घालायची प्लास्टिकची आवरणे) एकाच पाकिटातील नव्या घालाव्यात, कारण कोपरा दुमडलेली एखादी स्लीव्हही मार्क केल्याच्या संशयाला पुरेशी असते. डेकलिस्ट (आयोजकांना द्यायची डेकमधील कार्डांची यादी) लिहून झाल्यावर बेरीज करावी आणि मग यादीकडे न पाहता प्रत्यक्ष कार्डे टेबलावर दहा-दहाच्या गठ्ठ्यांत मोजावीत. माझ्या यादीत एकदा लॅंडची एक ओळ चुकून 4 ऐवजी 3 लिहिली गेली, बेरीज 59 झाली आणि दंड म्हणून पहिला गेम एकही कार्ड न खेळता गेला. तेव्हापासून डेकलिस्टची शेवटची मोजणी मी दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगतो.