पार्सलने मागवलेल्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत? या चुका टाळा

मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरकडून कडकनाथ कोंबडीची अंडी मागवायची आणि एकविसाव्या दिवशी अंडी उबवायचं मशीन उघडून कपाळाला हात लावायचा, हे धुळे-नंदुरबार-जळगाव पट्ट्यात दर उन्हाळ्यात चालतं. मग ठरलेलं वाक्य येतं : ‘कुरिअरवालानी वाट लाई टाकी!’ कुरिअरवाला अगदी साधू नसतो हे खरं. पण आदळआपट झालेल्या अंड्याला विसावा दिला तर ते पुष्कळदा सावरतं. वाटेत तापलेलं अंडं सावरत नाही. खान्देशात पार्सलच्या अंड्यांचा पहिला शत्रू धक्का नसून ऊन आहे. बाकीच्या चुका बहुधा अंडी निघण्याआधी नाहीतर घरी पोचल्यावर होतात.

आधी मोराचं सांगून टाकतो

इंटरनेटवर परदेशातले लोक मोराची अंडी पोस्टाने पाठवताना दिसतात. तिकडे मोर हा पाळीव पक्षी म्हणून ठेवता येतो. आपल्याकडे मोर १९६३पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची अंडी उचलणं, विकणं, मागवणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगाची शिक्षा आहे. ‘पांढऱ्या मोराची’ म्हणून कोणी देऊ केली तरी तेच, कारण पांढरा मोर ही वेगळी जात नाही. कापणी करताना शेतात घरटं लागलं तर तेवढा तुकडा उभा ठेवा आणि वनरक्षकाला कळवा. मोराच्या अंड्याला २८ ते ३० दिवस लागतात. तेवढी कळ लांडोरीलाच काढू द्या.

छंद भागवायचा असेल तर कडकनाथ, टर्की, गिनी फाऊल, बटेर हे पक्षी आहेत. कडकनाथ २१ दिवस, टर्की २८, गिनी २६ ते २८, बटेर १७-१८. पुढे कडकनाथ धरून लिहितो, कारण इथे सगळ्यांत जास्त मागणी त्याचीच.

एप्रिल-मेमध्ये मागवणं

ही एक चूक टळली तर अर्धं काम झालं. कोंबडीने घातलेलं फलित अंडं ‘कच्चं’ नसतं. पोटात असतानाच गर्भाची वाढ सुरू झालेली असते, बाहेर आल्यावर थंडावा मिळाला की ती थांबते. साधारण २० ते २१ अंश सेल्सिअसच्या खाली ती थांबलेली राहते. त्याच्या वर गेलं की पुन्हा सुरू होते, पण ३७.५ अंशाला व्हायला हवी तशी नीट नाही; अर्धवट, रडतखडत. असा गर्भ मशीनमध्ये ठेवल्यावर बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी मरतो.

आता जळगाव-भुसावळचा मे आठवा. पारा ४२-४५ अंशांवर, आणि पार्सल ट्रॅव्हल्सच्या डिकीत किंवा पत्र्याच्या गोडाउनमध्ये. डिकीत बाहेरच्यापेक्षाही जास्त तापतं. एवढ्या उष्णतेत काही तास गेले की गर्भ वाढायचं सोडाच, शिजायलाच लागतो. कवचाला तडा नाही, डाग नाही, बाहेरून अंडं अगदी ठणठणीत दिसतं. म्हणूनच दोष भलत्यावर जातो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा हंगाम. पावसाळ्यातही जमतं. उन्हाळ्यात मागवायचंच असेल तर कुरिअरचा नाद सोडा आणि रात्रीच्या प्रवासाने स्वतः आणा. बडवानी-खेतिया-शहादा किंवा सेंधवा-शिरपूर, दोन्ही वाटा एका रात्रीत होण्यासारख्या आहेत. माझं मत विचाराल तर मेमध्ये अंडी मागवण्यापेक्षा नोव्हेंबरपर्यंत थांबलेलं बरं.

खोक्यात बर्फाची बाटली ठेवण्याची युक्ती काही जण करतात. बाटलीला घाम सुटतो, पुठ्ठा भिजतो, अंड्यांवर ओल येते आणि ओलीबरोबर कवचाच्या छिद्रांतून जंतू आत जातात. तो उपाय नाही.

विकत घेतानाच्या चुका

‘काळं अंडं’ म्हणून जादा पैसे घेणारे आहेत. कडकनाथचं मांस काळसर, कातडी काळी, पण अंडं फिकट तपकिरी किंवा मळकट पांढरंच असतं. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नावाला भाव आला आणि भेसळही आली.

विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. अंडी किती दिवसांची? रवाना होताना तीन दिवसांपेक्षा जुनी नकोत, म्हणजे तुमच्या मशीनमध्ये सातव्या दिवसाच्या आत जातील. साठवली कुठे? १५ ते १८ अंश हवेत. फ्रिजमधली नकोत, उघड्या पडवीतलीही नकोत. कळपात कोंबडे किती? आठ-दहा कोंबड्यांमागे एक जोमदार कोंबडा असावा. उत्तर देताना जो चाचरतो, त्याच्याकडे पैसे पाठवू नका.

आणखी एक, नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर विसरू नका. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच आढळला आणि २०२१ मध्ये पुन्हा आला. कुठे साथीची बातमी असेल तर त्या भागातली अंडी घेऊ नका. बाधित क्षेत्रातून अंडी-पक्ष्यांची ने-आण बंद असते ती उगाच नाही.

पॅकिंग आणि पार्सल

विक्रेता सहसा बाजारच्या कागदी ट्रेला दोरी बांधून देतो. खायच्या अंड्यांना ते पुरतं, उबवायच्या अंड्यांना नाही. प्रत्येक अंडं वेगळं गुंडाळलेलं, रुंद टोक वर, एकमेकांना न लागणारं, आणि एका खोक्यात दुसरं खोकं, मध्ये लाकडाचा भुसा किंवा चुरगळलेले कागद. खोकं हलवल्यावर आतून हालचाल जाणवता कामा नये. प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करू नये. अंडं श्वास घेतं. धुतलेली अंडीही घेऊ नयेत, धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक लेप जातो. शेण लागलेलं अंडं धुऊन देणाऱ्यापेक्षा ते बाजूला काढणारा विक्रेता चांगला.

रवानगी सोमवारी किंवा मंगळवारी. शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारभर गोडाउनमध्ये पडून राहतं. आणि घरपोच मागवू नका. डिलिव्हरीची मोटारसायकल दिवसभर गल्लीबोळांतून उन्हात फिरते आणि तुमचं घर तिच्या यादीत शेवटी असू शकतं. ऑफिसला सांगून ठेवा, सकाळी स्वतः जाऊन उचला.

घरी आल्या आल्या मशीनमध्ये टाकणं

हौसेपोटी बहुतेक लोक हेच करतात, आणि पार्सलच्या अंड्यांना ते महागात पडतं.

अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. प्रवासात धक्के बसले की तिच्याजवळचं पातळ पापुद्रं सुटतं आणि हवा आत फिरू लागते. मोबाइलचा टॉर्च रुंद टोकाला लावून अंधारात अंडं हळूच कलतं करा : गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखी हवा सरकताना दिसली तर पोकळी सुटलेली आहे. असं अंडं फेकायचं नाही. ते रुंद टोक वर करून खोलीच्या गार कोपऱ्यात २४ तास उभं ठेवायचं, कमीत कमी १२ तास तरी. न सुटलेल्या अंड्यांनाही हा विसावा द्याच.

थंडीत धुळ्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो. गारठलेलं खोकं उबदार खोलीत आणून लगेच उघडलं तर अंड्यांना घाम फुटतो. खोकं बंदच राहू द्या, आतली अंडी खोलीच्या तापमानाला आली की उघडा. तडे गेलेली याच वेळी वेगळी करा. तड्याचं अंडं मशीनमध्ये सडून फुटलं की वास तर येतोच, शेजारची अंडीही नासवतं.

मशीनमध्ये ठेवताना सुटलेल्या पोकळीची अंडी आडवी ठेवू नका. कागदी ट्रेच्या खणात रुंद टोक वर करून उभी ठेवा आणि पहिले दोन-तीन दिवस फिरवू नका. मग अंडी न उचलता, ट्रेच एका बाजूने कलता करायचा, पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने. ऑटोमॅटिक रोलर असेल तर तो तेवढे दिवस बंद ठेवावा. त्याचे खण मोठ्या अंड्यांसाठी असतात. कडकनाथचं लहानसं अंडं त्यात लडबडतं.

मशीन आणि आपली हवा

थर्माकोलची पेटी, बल्ब, छोटा पंखा आणि डिजिटल कंट्रोलर, हे घरगुती मशीन वाईट नाही. वाईट असतो तो सेन्सर बल्बला चिकटवून टाकण्याचा प्रकार. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर हवा. पंखा असेल तर ३७.५ अंश, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट. पंखा नसेल तर अंड्यांच्या माथ्याजवळ ३८.३ ते ३८.८. कंट्रोलरचा आकडा खरा मानण्याआधी ताप मोजायचा चांगला थर्मामीटर शेजारी ठेवून पडताळा. ओलावा मोजणारं यंत्रही तपासता येतं : झाकणात थोडं मीठ पाण्याने चिखलासारखं भिजवा, यंत्रासकट हवाबंद पिशवीत आठेक तास ठेवा. ते ७५ टक्क्यांच्या आसपास दाखवायला हवं. जितकं चुकेल तितकं लक्षात ठेवून वजा किंवा जमा करा.

मशीन रिकामं एक दिवस चालवून मगच अंडी ठेवा.

पहिले १८ दिवस ओलावा ५० ते ५५ टक्के, पुढे ६५ ते ७०, असं सगळीकडे सांगतात. पण आपल्याकडची हवा वर्षात तीन रूपं घेते. मार्च-एप्रिलमध्ये ती इतकी कोरडी असते की वाटीभर पाणी दुपारपर्यंत आटतं. त्याच खोलीत वाळ्याचा कूलर सुरू केला की ओलावा एकदम चढतो. आणि श्रावणात कित्येकदा मशीनमध्ये पाणी न घालताही काम भागतं. म्हणून आकड्यापेक्षा वजनावर विश्वास ठेवा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटलं पाहिजे. ४५ ग्रॅमची ३० अंडी ठेवली, म्हणजे १३५० ग्रॅम, तर सातव्या दिवशी ६०-६५ ग्रॅम कमी झालेले असावेत आणि अठराव्या दिवशी १६० ग्रॅमच्या आसपास. जास्त घटलं तर पाणी वाढवा, कमी घटलं तर पाणी काढा. जळगावात सराफ्याची कमी नाही, पण सोन्याचा काटा लागत नाही, स्वयंपाकघरातला चालतो.

बाहेर ४३ अंश असताना मशीन गार करू शकत नाही, ते फक्त तापवतं. बल्ब बंद असूनही आकडा ३९च्या वर जात असेल तर खोलीच बदला. मातीच्या भिंतींचं जुनं घर असेल तर तिथे हलवा. जास्तीच्या उष्णतेने गर्भ काही तासांत मरतो, थोड्या गारव्याने तो फक्त मागे पडतो. त्यामुळे वीज गेली की घाबरून झाकण उघडू नका. तास-दोन तासांचा भार अंडी सोसतात; पेटीवर गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. शेतातल्या खोलीत, शेतीपंपाच्या लाइनवर मात्र मशीन लावू नका. तिथली वीज पाळीने येते. गावातल्या घरी इन्व्हर्टरवर लावा.

खुडूक गावठी कोंबडी मिळाली तर वीज, ओलावा, फिरवणं ही सगळी डोकेदुखी तीच वाहते. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. कडकनाथ कोंबडीच्या भरवशावर राहू नका; ती क्वचितच नीट बसते.

अठराव्या दिवशी फिरवणं थांबवा. सुटलेल्या पोकळीची अंडी तेव्हाही उभीच राहू द्या. एकविसाव्या दिवशी चोच बाहेर आली की झाकण उघडून बघण्याचा मोह होतो. उघडलं की ओलावा पळतो, पापुद्रं सुकून पिल्लाला आवळतं. भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला २४ तासही लागू शकतात. निघालेली पिल्लं अंगातल्या बलकावर दोन दिवस राहतात, त्यांना दाण्याची घाई नसते. सुकून फुलली की मगच काढा.

न उबलेली अंडी फोडून बघा

खत म्हणून खड्ड्यात टाकण्याआधी अंगणाच्या कडेला नेऊन फोडा, नाकाला रुमाल बांधून. सातव्या दिवशी टॉर्चला पारदर्शक दिसलेली अंडी तेव्हाच काढून फोडली तर जास्त कळतं. बलकावर लहान, घट्ट, वेडावाकडा पांढरा ठिपका असेल तर अंडं फलितच नव्हतं; हा विक्रेत्याच्या कोंबड्याचा दोष. ठिपका पसरून कडीसारखा गोल झालेला असेल किंवा रक्ताची कडी दिसत असेल तर गर्भ होता आणि सुरुवातीलाच मेला. तिथे जुनी अंडी किंवा वाटेतलं ऊन धरा. पिल्लू पूर्ण वाढून आतच मेलं आणि भोवती पाणी साचलं असेल तर ओलावा जास्त झाला. पापुद्रं चामड्यासारखं सुकलं असेल तर कमी पडला. सगळी पिल्लं एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच निघाली तर तापमान जास्त होतं, तेविसाव्यापर्यंत लांबली तर कमी.

पार्सलच्या अंड्यांपैकी निम्मी उबली तरी चांगलं मानतात. त्याहून कमी निघाली तर फोडलेल्या प्रत्येक अंड्याचा फोटो काढून, त्यावर तारीख टाकून विक्रेत्याला पाठवा. ‘फलित नव्हती’ हे ठिपक्यावरून दाखवता आलं तर प्रामाणिक विक्रेता पुढच्या खेपेला अंडी बदलून देतो. रक्ताच्या कड्या निघाल्या असतील तर त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, पुढची खेप थंडीत मागवा.