क्वायरच्या अभंगाला ब्रास जोडताना

चर्चच्या क्वायरची चाल ठरली आहे, सोप्रानोपासून बासपर्यंत चारही आवाज बसलेत आणि ब्रास, म्हणजे पितळी वाद्यांपैकी दोन ट्रम्पेट, दोन ट्रॉम्बोन, एक ट्यूबा हाताशी आहे, असं धरतो.

पट्टी काळी दोन, म्हणजे ई फ्लॅट ठेवा. ट्रम्पेट बी फ्लॅटचा, लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतो, म्हणून त्याला पूर्ण एक स्वर वर, एफमध्ये लिहायचं. एकच फ्लॅट, कोणीही वाजवेल. पेटीवाल्याच्या हट्टाने पांढरी तीन (ई) घेतलीत, तर त्याच ट्रम्पेटवाल्यापुढे सहा शार्प येतात. ट्रॉम्बोन, ट्यूबाला आहे त्याच सुरात लिहा.

आता खरी डोकेदुखी. ‘सोप्रानोची ओळ ट्रम्पेटला, बासची ट्यूबाला’ असं सांगणाऱ्याने मागच्या बाकावर बसून कधी ऐकलेलं नसतं. एका नाताळात मी तेच केलं. सूर चोख लागले. उपासनेनंतर एक आजी म्हणाल्या, “बाजा मस्त वाजला बापा, पन गानं कोनतं होतं?”

ब्रासची जागा छंदातच सापडते. नागपुरात काही काळ राहिलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ती भजनं अभंगातही लिहिली. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. त्या आखूड चरणानंतर क्वायर श्वास घेते, ट्रम्पेटने तिथे शिरायचं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं तिथे मात्र ट्रम्पेट ओठालाही लावू नये.

शब्द चालू असताना फक्त ट्रॉम्बोन, खालच्या पट्ट्यात, लांब धरलेले सूर. तेही दोन शब्दांच्या मधे बदला. ट्रॉम्बोनचा आघात आणि गाण्यातलं व्यंजन एकदम पडलं की व्यंजन मेलंच. ‘म्यूट (वाद्याच्या तोंडात बसवायचं बूच) लावा की’ म्हणणारे भेटतील. स्ट्रेट म्यूटने आवाज घटतो, पण टोकदार होऊन शब्दांत घुसतो. कप म्यूट चालेल. त्यापेक्षा ट्रम्पेटचं तोंड भिंतीकडे वळवा, फुकटात काम होतं.

शेवटच्या कडव्याला सगळे, जोरात. तोवर धृपद लोकांच्या कानात बसलेलं असतं, वाहून गेलं तरी चालतं.

तालीम दुपारी ठेवा, लग्नसराईत वरातीचे वाजवणारे संध्याकाळी मिळत नाहीत. डिसेंबरच्या थंडीत पितळेचा सूर उतरलेला असतो. दहा मिनिटं फुंकून गरम झाल्याशिवाय सूर जुळवायची स्लाइड हलवू देऊ नका. आणि प्रत्येकाच्या पानावर सुरांखाली गाण्याचे शब्दही लिहा. मात्रा चुकलेला माणूस शब्द ऐकून परत येतो.