चालू प्रोग्रॅम न थांबवता सीचा कोड बदलणे

लिनक्सवर यासाठी डीएलओपन (लायब्ररी उघडणारं), डीएलसिम (तिच्यातल्या फंक्शनचा पत्ता देणारं) आणि डीएलक्लोज (ती बंद करणारं) ही तीन फंक्शनं पुरतात. कोड लोड करणं सोपं आहे; घोळ होतो तो जुन्या कोडने मागे ठेवलेल्या मेमरीच्या पत्त्यांमुळे.

मुख्य प्रोग्रॅम अगदी छोटा ठेवा: मेमरी घेणं, लायब्ररी उघडणं, लूप फिरवणं. बाकी सगळं शेअर्ड लायब्ररीत (प्रोग्रॅम चालू असताना लोड होणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये) टाका आणि ती जीसीसी या कंपायलरला -शेअर्ड, -एफपिक हे पर्याय देऊन बांधा. जीलिबसी (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) २.३४ च्या आधीच्या सिस्टिमवर मुख्य प्रोग्रॅम लिंक करताना -एलडीएलही लागतं. स्टेट, म्हणजे प्रोग्रॅमचा चालू डेटा, एकाच स्ट्रक्टमध्ये ठेवा. तिची मेमरी मुख्य प्रोग्रॅमनेच मॅलॉकने घ्यायची आणि लायब्ररीच्या फंक्शनांना फक्त पॉइंटर द्यायचा. लायब्ररीतले ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल तिच्याबरोबरच जातात. रीलोडनंतर काउंटर अचानक शून्यावर आला, तर आधी कोडमध्ये स्टॅटिक शोधा.

लूपची फेरी संपली आणि लायब्ररीतलं काहीही चालू नाही (दुसऱ्या थ्रेडमध्येसुद्धा) की डीएलक्लोज करा, मग आरटीएलडी-नाउ (सगळी नावं लगेच जोडायला सांगणारा फ्लॅग) देऊन डीएलओपन. पाथमध्ये स्लॅश हवाच. नुसतं नाव दिलं तर चालू फोल्डर तपासला जाईलच असं नाही. डीएलओपनने दिलेलं हँडल बंद न करता तोच पाथ पुन्हा उघडला, तर जुनीच लायब्ररी परत मिळते आणि माणूस तासभर ‘बदल का दिसत नाही’ म्हणून डोकं धरून बसतो. त्यानंतर प्रत्येक फंक्शनचा पत्ता डीएलसिमने नव्याने घ्या. काही नल आलं तर डीएलएररने दिलेला चुकीचा संदेश छापा.

नवी लायब्ररी जुन्या फाइलवर थेट लिहू नका. ती फाइल मेमरीत मॅप झालेली असते, त्यामुळे चालू प्रोग्रॅम सिगबस किंवा सेगफॉल्टने (मेमरी वाचताना येणाऱ्या चुकांनी) कोसळू शकतो. वेगळ्या नावाने बांधा आणि एमव्ही कमांडने जागेवर आणा.

स्ट्रक्टमध्ये फंक्शन पॉइंटर किंवा "तयार" अशा स्ट्रिंगचा पॉइंटर ठेवलात, तर तो लायब्ररीच्याच मेमरीकडे बोट दाखवतो. रीलोडनंतर कधी चालतो, कधी नाही; म्हणूनच हा बग शोधायला सगळ्यात त्रासदायक. स्ट्रिंग कॉपी करून ठेवा, फंक्शनऐवजी ईनम (नाव दिलेला आकडा).

स्टेट फाइलमध्ये लिहिणार असाल, तर कोणताही पॉइंटर चालत नाही, कारण पुढच्या वेळी पत्ते बदललेले असतात. अ‍ॅरेतला इंडेक्स लिहा. स्ट्रक्टच्या सुरुवातीला व्हर्जन आणि साइझऑफची किंमत (स्ट्रक्टचा आकार) ठेवा. जुळली नाही तर जुना डेटा वाचूच नका, नव्याने सुरुवात करा.