सामाईक विहिरीच्या पाळीचा वाद भाऊपण राखून कसा मिटवावा

वैशाखात विहिरीचे झरे मंदावलेले असतात, केळी निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली असते आणि थ्री फेज लाईट आठ तासांचीच असते. अशा वेळी एका भावाने दुसऱ्याच्या पाळीत तासभर जास्त मोटार चालवली, की खानदेशातल्या कितीतरी घरांत बोलणे बंद होते. चोपडा तालुक्यात अशा वादांत मध्यस्थ म्हणून मी अनेक वर्षे बसत आलो आहे आणि त्याआधी माझ्या स्वतःच्या धाकट्या भावाशी असलेला असाच वाद मी हाताने बिघडवला होता. म्हणून पुढे जे सांगतो, ते दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे.

सातबारा, विहिरीतील हिस्सा दाखवणारी ‘इतर हक्का’तली नोंद आणि वीजबिल हाताशी ठेवावे. बैठक दिवाळी ते संक्रांत या काळात घ्यावी, कारण विहीर भरलेली असताना माणूस पाण्याबद्दल शांतपणे बोलू शकतो. लग्नाच्या मांडवात किंवा कानबाईच्या उत्सवात रोटाला भाऊबंद आयतेच जमले आहेत म्हणून विषय काढू नये.

मध्यस्थ एकच असावा आणि त्याचे शेत तुमच्या बांधाला लागून नसावे. मामाला बसवण्याची रीत मला पटत नाही. त्याची बहीण म्हणजे तुमची आई, आणि ती ज्या मुलाकडे राहते त्याच्याकडे मामाचा कल जाणे स्वाभाविक असते. दोघांच्या बायका बैठकीत असल्याच पाहिजेत. त्यांना बाहेर ठेवून ठरवलेली पाळी सकाळपर्यंत टिकत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण रात्रीच्या लाईटीला नवरा शेतात गेला की घर आणि गोठा त्याच सांभाळतात. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव असेल तर तिलाही बोलवावे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. मात्र आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीच्या हाती एका भावाचे निरोप दुसऱ्याकडे पाठवू नयेत. तिच्या वाट्याला माहेरपणाचे चार दिवस येतात आणि त्या निरोपांनी तेही नासतात.

आता खऱ्या अवघड टप्प्याकडे येतो. बैठकीत तास आणि दिवस यांची चर्चा सुरू होते, पंधरा-वीस मिनिटे ठीक जातात आणि मग कोणीतरी मागचे काढतो: वडिलांच्या आजारपणात कोण दवाखान्यात होता, कोणाच्या शिक्षणासाठी बैलजोडी विकली. या क्षणी जवळपास प्रत्येक वडीलधारा माणूस म्हणतो की झाले गेले गंगेला मिळाले, आता पुढचे बोला. हा सल्ला मला अत्यंत घातक वाटतो. ज्याला बोलायचे होते तो गप्प बसतो, कागदावर सही करतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती सही मोडतो.

आमच्या बैठकीत माझ्या भावाने म्हटले, की विहीर खोल करताना तो बारावीचे वर्ष सोडून खोदणाऱ्यांबरोबर चार महिने राबला, तेव्हा मी जळगावला वसतिगृहात होतो. मी लगेच उत्तर दिले. त्या खोदकामाला मी नंतर किती पैसे दिले, त्याच्या लग्नात किती खर्च केला, हे मी तारखांसह सांगितले. माझा एकही आकडा खोटा नव्हता. तो उठून गेला आणि पुढची दोन वर्षे आमचे बोलणे नव्हते. तो मला हिशेब विचारतच नव्हता, हे समजायला मला ती दोन वर्षे लागली. त्या चार महिन्यांची आठवण घरात कोणी कधी काढली नव्हती, एवढेच त्याचे म्हणणे होते.

म्हणून मागचे बोलणे टाळू नये. त्यासाठी वेगळी बैठक घ्यावी आणि ती पाळीच्या बैठकीच्या किमान एक दिवस आधी घ्यावी. ती विहिरीच्या काठावर किंवा ओट्यावर चारचौघांसमोर नको, घरात जेवणानंतर असावी. आधी एकाने मनातले सगळे सांगावे आणि दुसऱ्याने ते संपेपर्यंत एकही शब्द बोलू नये. ‘हो, पण’ हे दोन शब्दसुद्धा नकोत. सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याने जे ऐकले ते स्वतःच्या तोंडाने परत सांगावे, त्यातले जे खरे आहे ते खरे म्हणावे आणि तिथेच थांबावे. स्वतःची बाजू त्या रात्री मांडूच नये. तिच्यासाठी दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ ठेवावी. सर्वांत कठीण असते ते आरोपात एखादी तारीख किंवा रक्कम चुकीची असताना गप्प राहणे. तिथे दुरुस्ती केलीत की तुम्ही पुन्हा वकील झालात आणि समोरचा पुन्हा प्रतिवादी. दोन वर्षांनी मी भावाला म्हणालो, ‘तू त्या वर्षी विहिरीत होतास आणि मी वसतिगृहात होतो, हे खरे आहे.’ त्यानंतर पाळी ठरवायला आम्हाला तासभरही लागला नाही.

पाळी ठरवताना एक चूक फार ठिकाणी दिसते. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी येत असेल आणि भावांनी पाळीही आठवड्याची ठेवली असेल, तर एकाच्या नशिबी कायम रात्रच येते. त्याला साप-विंचवाचे भय घेऊन पिकाला बारे (पाणी) द्यावे लागतात आणि आपल्याला मुद्दाम छळले जात आहे अशी त्याची समजूत होते. त्याऐवजी दोन-दोन दिवसांची पाळी ठेवावी. २८ दिवसांत प्रत्येकाला ७ दिवस दिवसाची आणि ७ दिवस रात्रीची लाईट मिळते. वहीत मांडून पाहिले की कोणालाही पटते. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळून पाळी बुडाली तर लाईट आल्यावर ती जिथे थांबली तिथूनच पुढे सुरू करावी.

मोटार चालू-बंद केल्याची वेळ स्टार्टरच्या पेटीजवळ टांगलेल्या वहीत लिहावी आणि दोघांचा मिळून एक सालदार (सालाने ठेवलेला गडी) असेल तर ती त्यानेच लिहावी. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी सर्वांनी मिळून वापरण्याच्या जुन्या रीतीत, शेतकरी स्वतः पाणी वळवत नाही, ते काम पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याकडे असते. शेजाऱ्याने दांड (पाण्याचा चर) फोडला की नाही, याची रात्रभर राखण करण्याची वेळ त्यामुळे कोणावर येत नाही.

जळालेल्या मोटारीची वायंडिंग भरणे, केबल आणि गाळ काढणे यांचा खर्च हिश्श्याप्रमाणे लिहून ठेवावा आणि कागदावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात.

एवढे करूनही पाणी अडवले जात असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून बैठकांची चालढकल करू नये. दावा आधीच कोर्टात गेला असेल तर लोकअदालतीत तडजोड करावी. तिच्या निवाड्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. मात्र बैठकीत बसून ‘तहसीलमध्ये बघू’ असे म्हणू नये. जायचे असेल तर जावे, धमकी म्हणून ते नाव घेऊ नये.

करार झाल्यावर पहिल्यांदा पाळी चुकेल तेव्हा सालदाराला किंवा मुलाला पाठवू नका आणि फोनही करू नका. त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, स्वतः भावाच्या घरी जा, चहा घ्या आणि वही समोर ठेवून काय झाले ते विचारा.