रेड अ‍ॅरेमधला डेटा घालवणाऱ्या या चुका टाळा

एक डिस्क गेली म्हणून डेटा गेला, असं रेड अ‍ॅरेत (अनेक डिस्क जोडून बनवलेल्या एकाच साठ्यात) क्वचितच घडतं. तेवढ्यासाठीच तर रेड लावलेलं असतं. डेटा जातो तो पुढच्या दिवस-दीड दिवसात. रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा भरणं) चालू असताना दुसरी डिस्क अडखळते, घाईत चांगलीच डिस्क ओढून काढली जाते, किंवा कुणीतरी ‘करून तर बघू’ म्हणत अ‍ॅरे नव्याने तयार करतं. यातल्या बऱ्याच गोष्टींची पायाभरणी मात्र सर्व्हर लावतानाच झालेली असते.

(रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे धरूनच चालू. चुकून पुसलेली फाइल आरशातल्या (तोच डेटा ठेवणाऱ्या) दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसली जाते.)

मोठ्या डिस्क आणि रेड ५

१६ टीबीची डिस्क सरासरी २०० एमबी प्रति सेकंद वेगाने भरायची तर ८०,००० सेकंद लागतात, म्हणजे २२ तासांहून जास्त. तेही सर्व्हरवर दुसरं काही काम नसेल तर. चार डिस्कच्या रेड ५ मध्ये (ही रचना एकच डिस्क जाणं सोसते) या काळात उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यापासून) शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे ४८ टीबी, आणि मधे एकही सेक्टर अडला तर तो भरून काढायला दुसरी पॅरिटी (हरवलेला डेटा हिशेबाने परत काढता येईल अशी जादा माहिती) नसते. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात दर १२.५ टीबी वाचनामागे एक न वाचता येणारा सेक्टर, ही कमाल मर्यादा छापलेली असते. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्याच चांगल्या वागतात, त्यामुळे ‘रेड ५ चं रिबिल्ड होतच नाही’ हा बागुलबुवा आहे. पण वर्षानुवर्षं न वाचलेल्या कोपऱ्यात एखादा सेक्टर खराब झालेला असणं अगदी नेहमीचं आहे, आणि तो नेमका याच वेळी सापडतो.

चार डिस्क असतील तर रेड ६ आणि रेड १० दोन्हींत निम्मी जागा मिळते. रेड ६ कोणत्याही दोन डिस्क जाणं सोसतं. रेड १० मध्ये डिस्कच्या आरसा-जोड्या असतात; एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या की संपलं, पण रिबिल्डसाठी एकच डिस्क वाचावी लागते. डेटाबेससारखी छोटी छोटी लेखनं असतील तर रेड १० घ्या: तिथे एका लेखनाला दोन डिस्क-क्रिया पुरतात, रेड ५ ला चार लागतात आणि रेड ६ ला सहा. फाइल साठवणीला रेड ६ उत्तम.

चुकीच्या जातीची डिस्क

डिस्क मुळात चांगली असते, तरी अ‍ॅरे तिला बाहेर फेकतो. कारण असतं वेळेचं. डेस्कटॉप डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही की ती एक-दोन मिनिटंसुद्धा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते. लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) मात्र ३० सेकंदच थांबतो. मग तो जोडणी रीसेट करतो, डिस्क तरीही उत्तर देत नाही, आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क ‘फेल’ ठरते. अ‍ॅरेसाठी बनवलेली डिस्क ७ सेकंदांत ‘वाचता आलं नाही’ असं सांगून मोकळी होते. मग अ‍ॅरे तो सेक्टर पॅरिटीवरून काढतो, त्याच जागी परत लिहितो आणि काम पुढे चालू राहतं.

स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या आज्ञेने डिस्कची ‘एससीटी ईआरसी’ (अडलेल्या सेक्टरवर किती वेळ घालवायचा ते ठरवणारी) सोय तपासा. सोय असेल तर वाचन व लेखन दोन्हींना ७० हा आकडा द्या. एकक दशांश सेकंदाचं आहे, म्हणजे ७ सेकंद. बऱ्याच डिस्क वीज गेली की हे विसरतात, म्हणून ही आज्ञा बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घाला. सोय नसेलच तर त्या डिस्कसाठी कर्नलची मुदत ३० वरून १८० सेकंद करा.

दुसरी जात टाळायची ती एसएमआर, म्हणजे कौलांसारखे एकावर एक चढलेले ट्रॅक असलेली. रोजच्या हलक्या वापरात फरक कळत नाही. रिबिल्डमध्ये तासन्‌तास सलग लेखन सुरू झालं की तिची राखीव जागा भरते, वेग कोसळतो आणि कधी कधी ती मुदत चुकवून अ‍ॅरेबाहेर पडते. खरेदीपूर्वी माहितीपत्रकात ‘सीएमआर’ (एकमेकांवर न चढणारे ट्रॅक) हा शब्द शोधा.

सगळ्या डिस्क एकाच खोक्यातून, एकाच बॅचच्या घेऊ नका. एकसारख्या वयाच्या, एकसारख्या झिजलेल्या डिस्क लागोपाठ जाऊ शकतात. आणि विभाजन करताना शेवटी १०० एमबी जागा मोकळी सोडा. बदली डिस्क काही सेक्टरांनी लहान निघाली तर अ‍ॅरे तिला घेत नाही.

बॅटरीशिवाय राइट-बॅक

रेड कंट्रोलर कार्डवर राइट-बॅक कॅश (लेखन आधी कार्डाच्या मेमरीत घेऊन डिस्कवर नंतर उतरवणं) चालू केली की वेग छान वाढतो. पण बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर नसेल, किंवा बॅटरी केव्हाच मेलेली असेल, तर वीज जाताच कॅशमधली लेखनं गेली. ‘बॅटरी खराब असली तरी राइट-बॅक’ असा एक पर्याय असतो. तो बंदच ठेवा. सॉफ्टवेअर रेड ५ व ६ मध्ये वीज मधेच गेली तर डेटा नवा आणि पॅरिटी जुनी असं होऊ शकतं. यूपीएस लावा, पण तो सर्व्हरला नीट बंद करण्याचा निरोप देतो का, हेही पाहा.

कुणी बघतच नाही

डिग्रेडेड (डिस्क कमी झालेला) अ‍ॅरे निमूट चालत राहतो, आणि हाच खरा धोका. एमडीएडीएम या लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड सांभाळणाऱ्या साधनाच्या सेटिंग फाइलमध्ये ईमेल पत्ता भरून थांबू नका. ‘मॉनिटर’ला ‘टेस्ट’ पर्याय देऊन एकदा चाचणी मेल पाठवा आणि ती खरंच येते का पाहा. अनेकदा सर्व्हरवर मेल पाठवणारी यंत्रणाच नसते.

महिन्यातून एकदा पूर्ण अ‍ॅरेची ‘चेक’ तपासणी चालवा. डेबियनवर एमडीएडीएमचं पॅकेज ती महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप चालवतं. इतरत्र ती चालते का ते बघून घ्या. स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींतले) ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर डिस्क बदलायच्या तयारीला लागा. १९९ वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचा किंवा जोडणीचा असतो. आधी केबल बदला, डिस्क नंतर. रेड १ (साधा आरसा) वर स्वॅप (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची जागा) असेल तर ‘मिसमॅच’ आकडा (‘चेक’मध्ये न जुळलेल्या जागांची मोजणी) शून्य नसणं सहसा निरुपद्रवी असतं. रेड ५ किंवा ६ वर मात्र ते दुर्लक्षू नका.

डिस्क गेल्यावर

पहिली गोष्ट बॅकअप. ताजा नसेल तर रिबिल्डच्या आधी महत्त्वाचा डेटा दुसऱ्या यंत्रावर उतरवा. मग एमडीएडीएमने मिळणारं प्रत्येक डिस्कचं ‘एक्झामिन’ आउटपुट दुसरीकडे जपून ठेवा. त्यात डिस्कचा क्रम, चंक आकार, डेटा ऑफसेट असं सगळं असतं.

डिस्क ओळखायची ती सिरीयल नंबरवरून. एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, आणि ‘वरून तिसरी’ हा अंदाज तर मुळीच नको. सर्व्हर लावतानाच प्रत्येक ट्रेवर सिरीयलचे शेवटचे चार अंक चिकटवले असतील तर हा प्रश्नच उरत नाही.

डिस्क कुरकुरतेय पण मेलेली नाही, अशा वेळी तिला ‘फेल’ करू नका. मोकळा बे (डिस्क बसवायचा खण) असेल तर नवी डिस्क स्पेअर म्हणून जोडा आणि ‘रिप्लेस’ वापरा. जुनीवरून नवीवर नक्कल होते, आणि तोवर अ‍ॅरेचं संरक्षण टिकून राहतं.

दोन-तीन डिस्क एकाच मिनिटाला गेल्या तर डिस्कवर संशय घेण्याआधी वीजपुरवठा, बॅकप्लेन (डिस्क खोचल्या जातात तो बोर्ड) आणि केबल तपासा. सर्वांत महाग चूक याच ठिकाणी होते: अ‍ॅरे उठत नाही म्हणून ‘क्रिएट’ चालवणं. त्याने जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. क्रम किंवा ऑफसेट चुकला की मागोमाग सुरू होणारं रिसिंक (पॅरिटी नव्याने जुळवणं) खऱ्या डेटावर चुकीची पॅरिटी लिहितं. त्याऐवजी प्रत्येक डिस्कचा ‘इव्हेंट’ आकडा (अ‍ॅरेतल्या बदलांची मोजणी) पाहा. आकडे जवळपास असतील तर सर्वांत मागे पडलेली डिस्क बाजूला ठेवून ‘असेम्बल’ला ‘फोर्स’ जोडा. शंकास्पद डिस्कची नक्कल आधी डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची नक्कल करणाऱ्या साधनाने करा आणि प्रयोग नकलांवर करा. फाइल सिस्टिमची दुरुस्तीही लगेच सुरू करू नका. आधी फक्त वाचनासाठी माउंट करून फाइली उघडतात का पाहा.

हार्डवेअर कंट्रोलर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ (डिस्कवर सापडलेली, त्याला अनोळखी अ‍ॅरेची नोंद) दाखवत असेल तर ‘इम्पोर्ट’ आणि ‘क्लिअर’ हे पर्याय शेजारी शेजारी असतात. ‘क्लिअर’ डिस्कवरची अ‍ॅरेची नोंद पुसतं.

झेडएफएस (स्वतःचंच रेड असलेली फाइल सिस्टिम) वापरणाऱ्यांसाठी एकच: बदली डिस्क ‘अ‍ॅड’ने जोडू नका, ‘रिप्लेस’ने जोडा. ‘अ‍ॅड’ तिला स्वतंत्र गट म्हणून पूलमध्ये (डिस्कच्या एकत्र साठ्यात) घालतं. रेडझेड (झेडएफएसचं पॅरिटीवालं रेड) पूलमधून ती पुन्हा काढता येत नाही, आणि ती एकटी गेली की सगळा पूल जातो. प्रणाली इशारा देते, पण लोक सक्तीचा पर्याय लावून पुढे जातात.

रिबिल्ड संपल्यावर एक ‘चेक’ तपासणी चालवा आणि नव्या डिस्कवर बूटलोडरही (सर्व्हर सुरू करणारा छोटा प्रोग्राम) टाका. रेड १ मध्ये डेटा दोन्हीकडे असतो, पण बूटलोडर बऱ्याचदा एकाच डिस्कवर राहिलेला असतो. काढलेल्या डिस्कवर तारीख आणि ‘खराब’ असं लिहून ती सर्व्हरपासून लांब ठेवा. कुणी ती पुन्हा जोडली आणि सर्व्हर तिच्यावरूनच बूट झाला, तर ती गेली त्या दिवसाचा जुना डेटा चालू डेटा म्हणून समोर येईल आणि नवं काम त्याच्यावर साठू लागेल.