मनाजोगत्या मार्गासाठी गाडीतील नॅव्हिगेशन यंत्र निवडताना

अलिबागहून मालवणला महामार्ग टाळून किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे असेल, तर आगरदांडा–दिघी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा फेरीबोटींनी खाड्या ओलांडाव्या लागतात. लवकर पोहोचवण्याच्या हिशेबाने चालणारे यंत्र अशा वेळी पुन्हापुन्हा महामार्गाकडेच ओढते. म्हणून आपण आखलेला मार्ग यंत्र जसाच्या तसा पाळते का, हे सर्वांत आधी तपासावे.

मार्गात किमान पंधरा-वीस मधले बिंदू टाकता यावेत आणि त्यांतले खरे थांबे कोणते व केवळ दिशा ठरवणारे कोणते, हे वेगळे नोंदवता यावे; नाहीतर हुकलेल्या एका बिंदूसाठी यंत्र 'मागे वळा' असा धोशा लावते. संगणकावर आखलेली जीपीएक्स फाइल (मार्गाचे बिंदू साठवणारी फाइल) स्वीकारली जाते, एवढ्यावर समाधान मानू नये. त्या फाइलमधील 'ट्रॅक' म्हणजे दाट बिंदूंची सलग रेघ, तर 'रूट'मध्ये मोजकेच बिंदू असतात आणि त्यांमधला रस्ता बहुधा यंत्रच ठरवते; म्हणून यंत्र 'ट्रॅक'ही पाळते का, हे पाहावे. माझ्या मते मार्गाची आपोआप होणारी फेरआखणी बंद करण्याची सोय नसलेले यंत्र या कामासाठी घेऊच नये.

नकाशे इंटरनेटविना चालणारे हवेत, आणि फेरीबोट टाळण्याचा पर्याय निघण्यापूर्वी आठवणीने बंद करावा.